कोरा चहा कडू होऊ नये म्हणून: गंज, ताटली आणि गाळणी एवढ्या सामानात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूर तालुक्यातलं गाव. सासऱ्यांना, म्हणजे तुमच्या मामाजींना, डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. दूध पचत नाही म्हणून तेही सुटलं. चहा मात्र सुटत नाही. तुम्ही नेहमीसारखा गंज, म्हणजे चहाचं पातेलं, मांडता, पाणी-पत्ती उकळता, फक्त दूध-साखर टाकत नाही, आणि चहा काळाकुट्ट, कडूजहर उतरतो. पत्ती कमी केली तर फिका होतो, पण कडूपणा जातच नाही. घरात किटली नाही, वजनकाटा नाही. तेव्हा महागाची पत्ती आणावी, ग्रीन टी सुरू करावा, की किटली घ्यावी?

यातलं काहीही आणू नका. आहे ती पत्ती, आहे तो गंज, त्यावर झाकायला एक ताटली आणि गाळणी, एवढ्यावर चांगला कोरा चहा होतो. मी आधी बसस्टँडजवळ चहाची कॅन्टीन चालवली, आता खुली पत्ती विकतो. दुकानात जेवढ्या लोकांनी कोऱ्या चहाच्या कडूपणाची तक्रार केली, त्यांतल्या बहुतेकांची पत्ती चांगलीच होती. बिघाड पद्धतीत होता.

तुम्ही करताय तो दुधाचाच चहा आहे, त्यातून दूध तेवढं वगळलंय. दुधाचा चहा खळखळ उकळला तरी चालतो, कारण दुधात केसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते पत्तीतल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. ती द्रव्यं कपात असतात, पण जिभेला मोकळी भेटत नाहीत. उरलेला कडूपणा साखर झाकते. दूध-साखर काढली की तेवढीच पत्ती आणि तेवढीच उकळी जिभेवर उघडी पडते. म्हणून कोऱ्या चहाचा पहिला नियम हा की पाणी उकळायचं, पत्ती उकळायची नाही. पत्ती पडायच्या आधी गंज विस्तवावरून खाली आलेला असला पाहिजे.

पत्ती गरम पाण्यात पडली की तिच्यातलं सगळं एकाच वेळी सुटत नाही. वास आणि रंग लगेच उतरायला लागतात. कॅफीनही, जे स्वतः कडू असतं, पहिल्या दोन-तीन मिनिटांत बरंचसं उतरतं. तुरट द्रव्यं, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, ती मात्र पुढेही सुटतच राहतात. पाणी जितकं तापलेलं आणि वेळ जितका जास्त, तितकी जास्त सुटतात. कच्चं टेंभूर खाल्ल्यावर तोंड आवळून येतं ना, तसं गालाच्या आतून जे ओढल्यासारखं वाटतं, ते काम या द्रव्यांचं. उलट पत्तीचा वास हलका असतो. उकळीच्या वाफेबरोबर तो उडून जातो. तुम्ही पत्ती कमी करून उकळी तेवढीच ठेवली, तेव्हा वास गेला, जोम गेला, आणि उरलेल्या पत्तीतून कडू-तुरट मात्र पिळून निघालं. फिका असूनही कडू, ही तुमची तक्रार तिथून आलेली आहे. अशा वेळी पत्तीला हात न लावता वेळ कमी करायचा असतो.

आता प्रत्यक्ष कृती. दोन कप धरू. आपल्याकडचा कप साधारण १०० मिलिलिटरचा असतो, म्हणजे २०० मिली चहा हवा. थोडं वाफेत जातं आणि थोडं पत्ती पिते, म्हणून सव्वादोन कप पाणी गंजात घ्या. चहाचा लहान चमचा सपाट भरून पत्ती काढा. शीग नको, बोटाने वरून सारखी करा. दाणेदार पत्तीचा असा सपाट चमचा साधारण २ ग्रॅम होतो. काटा नसला तरी अडत नाही, पण रोज चमचा तोच आणि कप तोच ठेवा. चिमटीने पत्ती टाकायची सवय दुधाच्या चहात खपून जाते, कोऱ्यात रोज वेगळी चव देते.

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. चूल असेल तर गंजावर ताटली हवीच. पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ भराभर पेटतो, पाणी लवकर उकळतं, पण धूरही तेवढाच. दुधाच्या चहात तो धुराचा वास गोड लागतो, कोऱ्यात बोचतो. उकळी आली की सांडशीने गंज उतरवून खाली ठेवा. खदखद थांबू द्या, वरचे मोठे बुडबुडे बसू द्या, अर्धा मिनिट पुरे. मग पत्ती पाण्यावर पसरून टाका, चमच्याने एकदा फिरवा आणि ताटली झाका. मोबाईलवर अडीच मिनिटांचा टायमर लावा. अंदाजाने नको, कारण चुलीपाशी उभ्या माणसाची अडीच मिनिटं कधी एक असतात, कधी सहा.

टायमर वाजला की लगेच गाळा, आणि सगळा गाळा. अर्धा कपात आणि अर्धा पत्तीसकट गंजात, असं केलं की दुसरा कप कडू झालाच समजा. दोघांना वेगवेगळ्या वेळी प्यायचा असेल तर गाळलेला चहा दुसऱ्या भांड्यात झाकून ठेवा, पत्तीवर ठेवू नका. गाळणीतला चोथा चमच्याने दाबायचा नाही. त्यात अडकलेला शेवटचा घोट सगळ्यात तुरट असतो, तो तिथेच राहू द्या. आणि तो चोथा पुढच्या खेपेला नव्या पत्तीबरोबर घालायचा नाही. कॅन्टीनच्या धंद्यात हे चालतं, दुधात कळत नाही. कोऱ्या चहात पहिल्याच घोटाला कळतं.

भांड्याबद्दल दोन शब्द. स्टीलचा गंज सगळ्यात बरा. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, जुना गंज आतून खडबडीत झालेला असतो, त्याला आधीच्या चहाचा, दुधाचा वास धरून असतो. तोच वापरायचा तर कोऱ्या चहासाठी वेगळा ठेवा. लोखंडी कढईत किंवा तव्यात चहा कधी करू नका. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा-निळा रंग येतो आणि चव धातूची लागते. गाळणीही पाहा. तिच्या जाळीत दुधाची पुटं साचली असतील तर कोऱ्या चहाला आंबूस वास येतो. गरम पाणी आणि सोडा लावून घासा, किंवा वीस-तीस रुपयांची दुसरी घ्या. तुमच्या यादीत काही नवीन आणायचं असेल तर मी गाळणीच आणा म्हणेन, किटली नव्हे.

अडीच मिनिटं हा माझा आकडा आहे, मामाजींचा कदाचित दुसरा निघेल. तो घरीच काढता येतो. एका सकाळी चार कप पाणी, दोन सपाट चमचे पत्ती, वरचीच पद्धत. दोन मिनिटं झाली की गंजातून एक कप गाळून घ्या, तीन मिनिटांनी दुसरा, पाच मिनिटांनी तिसरा. तिन्ही कप ओळीने ठेवा आणि थोडे निवू द्या, कारण फार गरम चहात कडूपणा नीट कळत नाही. मग मामाजींना क्रम न सांगता चाखायला द्या. दोन मिनिटांच्या कपात वास जास्त आणि अंग कमी असेल. तीनच्या कपात दोन्ही असतील. पाचच्या कपाने गालाची आतली बाजू आवळेल. पत्ती, पाणी, गंज सगळं तेच असताना फक्त वेळेने एवढा फरक पडतो हे एकदा जिभेने पाहिलं की सांगायची गरज उरत नाही. ज्या कपावर त्यांचा हात परत जाईल तो त्यांचा आकडा.

चहा चाखणारे व्यावसायिक मुद्दाम उलटं करतात. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती घेतात आणि ६ मिनिटं ठेवतात. म्हणजे आपल्या दुप्पट पत्ती आणि दुपटीहून जास्त वेळ. हा चहा प्यायचा नसतो. दोन मालांतले गुण-दोष ठळक दिसावेत म्हणून केलेला असतो. पुड्यांवर कुठे कुठे चार-पाच मिनिटं उकळायची सूचना असते, ती दुधाचा चहा धरून लिहिलेली असते. ती तुम्हाला लागू नाही.

पत्तीकडे येतो. आपल्या बाजारात जी गोल दाण्याची पत्ती मिळते ती सीटीसी. पान यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडलं, फाडलं, वळवलं जातं, इंग्रजीत क्रश, टेअर, कर्ल, म्हणून ते नाव. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी काढलं. पान बारीक फाटल्यामुळे ते पाण्याला फार लवकर रंग देतं, दूध पेलतं, थोड्या पत्तीत जास्त कप होतात. म्हणून भारतभर हीच चालली. पण ज्या गुणामुळे ती दुधाला चांगली, त्याच गुणामुळे कोऱ्या चहात ती जरा जास्त वेळ राहिली की अंगावर येते.

सीटीसीतही दाण्याच्या आकाराने फरक पडतो. दुकानात तुम्ही नुसतं ‘कडक पत्ती द्या’ म्हटलं तर बहुधा बारीक डस्ट मिळेल, कारण कडक म्हणजे लवकर रंग देणारी. डस्टचा कण इतका बारीक की ती दीड मिनिटातच सगळं सोडते, शिवाय गाळणीतून खाली उतरते आणि कपाच्या तळाशी बसून कडू होत राहते. तुम्ही दुकानदाराला ‘मोठा दाणा द्या, कोऱ्या चहासाठी’ असं सांगा. मोठा दाणा सावकाश सुटतो, तुमच्या हातात वेळ राहतो. घरात आधीचा डस्टचा पुडा असेल तर तो टाकू नका. पाऊण चमचा आणि सव्वा ते दीड मिनिट, एवढ्यात तोही चांगला उतरतो.

पानाचा चहा, ज्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात, तो कोऱ्यासाठीच असतो. दार्जिलिंग नाव सगळ्यांना माहीत आहे. भारतात भौगोलिक मानांकन पहिल्यांदा मिळालं ते याच चहाला, २००४ मध्ये. पण माझं मत विचाराल तर विदर्भातल्या घरी दार्जिलिंगपेक्षा निलगिरीचं पान जास्त बरं. त्यात तुरटपणा मुळातच बेताचा असतो, वास मोकळा असतो, लिंबालाही तो चांगला जमतो आणि हात जरा चुकला तरी सांभाळून घेतो. पान फुगीर असतं, म्हणून त्याचा चमचा शीग लावून भरायचा आणि साडेतीन-चार मिनिटं द्यायची. तालुक्याला दर वेळी मिळेलच असं नाही, अमरावती-अकोल्याच्या चहाच्या दुकानांत विचारून पाहा. नाही मिळालं तर अडून बसू नका.

ग्रीन टीबद्दल एवढंच की तो कडूपणावरचा उपाय नाही. उकळत्या पाण्यात तो काळ्या चहापेक्षा लवकर कडू होतो. मामाजींनी जन्मभर या काळ्या पत्तीचाच चहा प्यायलाय, त्यांना तोच नीट करून द्या.

आठवडी बाजारात उघड्या पोत्यातून मिळणारी पत्ती घेत असाल तर दोन गोष्टी तपासा. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर थोडी पत्ती पसरा, वर पाणी शिंपडा, पाच-एक मिनिटांनी पत्ती झटकून कागद उजेडात धरा. रंग चढवलेली पत्ती ठळक डाग सोडते. आणि कोरड्या पत्तीतून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा चुरा असेल तर चिकटून येईल. चांगली पत्ती वासावरूनही ओळखता येते. मूठभर घेऊन त्यात गरम श्वास सोडा आणि हुंगा. गोडसर, भाजल्यासारखा वास आला पाहिजे. पोत्याचा, मसाल्याचा किंवा साबणाचा वास आला तर ती आजूबाजूचं सगळं पिऊन बसलीये. घरी आणल्यावरही हेच लक्षात ठेवा. पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून आणि देवघरातल्या धूप-अगरबत्तीपासून लांब. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात घालायचा नाही.

आता पाणी. दर्यापूरचं नाव वाचलं तेव्हाच माझं लक्ष इथे गेलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथलं विहीर-बोअरचं पाणी खारट आणि वर जड. अशा पाण्यात कितीही जपून केलेला चहा मळकट, काळपट दिसतो. जड, अल्कधर्मी पाणी चहाचा रंग गडद करतं आणि चवीतला ताजेपणा मारतं. म्हणून तुमच्याकडे रंगावर विश्वास ठेवू नका. तुम्ही रंग पाहून चहा कडक झाला असं ठरवत असाल, तर तो दुसऱ्या गावच्या पाण्यातला हिशोब आहे. घड्याळ पाहा.

कपावर तेलकट तवंग धरतो आणि कपाच्या कडेला तपकिरी रेघ उरते, हेही तुम्ही लिहिलंय. त्याला भेसळ कारण नाही. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं यांची ती साय आहे. लिंबाचे दोन-तीन थेंब पडले की ती विरघळते.

शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी तुमच्या गावात येत असेल तर चहाला तेच धरा. ते नसेल तर प्यायला आणता ते आरओच्या कॅनचं पाणी चहालाही वापरा. रोजच्या दोन-चार कपांना असं कितीसं लागतं. पण एक लक्षात घ्या, आरओचं पाणी अगदी हलकं असतं आणि त्यात पत्ती मोकळी सुटते. रंग लालभडक, चमकदार येतो, चव मात्र टोकदार होते. त्यासाठी वेळ अर्धा मिनिट कमी करा, किंवा तीन भाग आरओमध्ये एक भाग नळाचं पाणी मिसळा. मला हे मिश्रण नुसत्या आरओपेक्षा आवडतं, चहाला जरा अंग येतं.

बोअरशिवाय पर्याय नसेल त्या दिवशी आदल्या रात्री पाणी पाच-सात मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा चुना बसलेला दिसेल. गंज न हलवता वरचं निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या आणि त्याचा चहा करा. यात पाण्याचा जडपणा बराच उतरतो. खारटपणा मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराईडचं पाणी आहे, त्यालाही हेच लागू. ते उकळून सुधारत नाही, तिथे चहाच्या आधी पिण्याच्या पाण्याचीच सोय पाहावी लागते. उकळलेलं पाणी चहाला पुन्हा उकळू नये असंही लोक सांगतात. जड पाण्याच्या गावात ते मनावर घेऊ नका, चुना काढण्याचा फायदा त्यापेक्षा मोठा आहे.

एक लहानशी गोष्ट, कधी मामाजींना घेऊन चिखलदऱ्याला गेलात तर कामी येईल. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. दर्यापुरात ते ९९ अंशांच्या आसपास, तर चिखलदऱ्याला, अकराशे मीटरच्या जवळपास उंचीवर, साधारण ९६ अंशांना. तिथे खदखद थांबायची वाट न पाहता पत्ती लगेच टाका.

आता कपात काय घालायचं ते. लिंबू घालायचं तर गाळल्यानंतर, कपातच. गंजात पिळून उकळलं की त्याचा वास जातो आणि सालीचा कडवटपणा उतरतो. थेंब पडताच रंग काळपटाचा सोनेरी होईल, मामाजींना ते पाहायलाही आवडेल. पण लिंबू चहात आधीच उतरलेलं टॅनिन काढत नाही. जास्त उकळलेल्या चहात लिंबू पिळलं तर तो आंबट आणि कडू असा दोन्ही होतो.

मिठाचा उपाय खरा आहे. अगदी कणभर मीठ, खारट न लागण्याइतकं, जिभेवरचा कडूपणा दाबतं. तुमच्याकडे मात्र पाण्यातच मीठ आहे, आणि मामाजींना ब्लडप्रेशर असेल तर सवय लावायलाच नको. खायच्या सोड्याने चहा मऊ लागतो म्हणतात, पण सोडा वास मारतो आणि रंग काळा करतो. मी तो चहाच्या जवळ येऊ देत नाही.

साखरेऐवजी गूळ, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. गुळातही बहुतेक साखरच असते, मधुमेहात तो साखरेइतकाच जपून. त्यापेक्षा परसातला गवती चहा वापरा. दोन पाती कात्रीने कापून, हवं तर बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, किंवा एखादी वेलची फोडून, आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा. या वस्तूंना उकळी लागते, पत्तीला नाही. मग गंज उतरवा आणि पत्तीचं नेहमीसारखं. गवती चहा आणि वेलचीच्या वासाने साखर नसलेली जाणवत नाही. तरी जिभेला दहा-पंधरा दिवस द्या. जन्मभर गोड प्यायलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात बिनसाखरेचा कुठलाही चहा कडूच लागतो. त्या दिवसांत मामाजींना वेळ दोन मिनिटांवर ठेवून द्या, मग हळूहळू वाढवा.

शेतात न्यायचा असेल तर गाळून थर्मासमध्ये भरा, पत्ती थर्मासात जाता कामा नये. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्या. तरीही दीड-दोन तासांत चहा शिळावतो, गडद होतो. वेचणीच्या दिवसांत जास्त वेळ लागणार असेल तर नुसतं उकळतं पाणी थर्मासात न्या आणि पत्ती मोजून पुडीत. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डब्याच्या झाकणाखाली दोन-तीन मिनिटांत ताजा होतो.

घरात कार्यक्रम असला आणि पन्नास माणसांना कोरा चहा द्यायचा झाला तर पाच लिटर पाणी आणि ४५-५० ग्रॅम पत्ती. पातळ, धुतलेल्या सुती कापडाची पोटली करा, पण ती अर्धीच भरा. पत्ती फुगते, घट्ट बांधली तर आतली कोरडीच राहते. मोठ्या पातेल्यात उष्णता टिकून राहते, म्हणून पाणी उतरवल्यावर दोन मिनिटं थांबून पोटली सोडा. तीन मिनिटं हलवत ठेवा आणि न पिळता उचला.

उन्हाळ्यात गार कोरा चहा लिंबू घालून फार छान लागतो. फ्रिज असेल तर सगळ्यात सोपं: उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात तीन सपाट चमचे पत्ती घालून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, त्याच दिवशी संपवा. गार पाण्यात तुरट द्रव्यं फार कमी उतरतात, कडूपणाचा प्रश्नच येत नाही. फ्रिज नसेल तर हे करू नका. गार पाण्यातली पत्ती आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर रात्रभर ठेवणं बरं नव्हे. गरम करून, गाळून, भांडं माठाजवळ गार पाण्यात ठेवा. असा चहा निवताना कधी गढूळ होतो. चहातलीच द्रव्यं आणि कॅफीन गार झाल्यावर एकमेकांना धरतात त्याने. तो खराब झालेला नसतो, थोडा गरम केला की पुन्हा निवळतो.

प्यायच्या वेळेचंही सांगतो, कारण कोऱ्या चहात टॅनिन मोकळं असतं. भाकरी-भाजी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह ते अंगी लागू देत नाही. मामाजींना जेवणाबरोबर देऊ नका, जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या. उपाशीपोटी मळमळ होत असेल तर आधी दोन घास. संध्याकाळी पाचनंतरचा कप फिकाच ठेवा, त्या वयात झोप लवकर बिघडते. आणि घरात कुणी बाई, तुम्ही स्वतःही, रक्तवाढीच्या गोळ्या घेत असाल, तर गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका.